पिंक फ्लॉइडचा १९८७चा अल्बम: नव्याने ऐकणाऱ्यांसाठी वाट

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मावसभावाने मला साठ मिनिटांची एक कॅसेट भरून दिली. पट्टीवर बॉलपेनने एवढंच लिहिलेलं: 'पिंक फ्लॉइड, ८७'. गाण्यांची नावं नाहीत, वादकांचीही नाहीत. त्याआधी या इंग्लिश रॉक बँडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' आणि 'द वॉल' या अल्बमची मी अक्षरशः पारायणं केली होती, त्यामुळे मोठ्या उत्सुकतेने कॅसेट लावली आणि गोंधळून गेले. गिटार तीच होती, गाणारा आवाजही ओळखीचा होता. पण ज्याच्या शब्दांनी अंगावर काटा यायचा तो माणूस कुठे दिसेना. ड्रम्सचा हातही परका वाटला. दुसरी बाजू संपली, पुढची पाच मिनिटं कोरी टेप खरखरत राहिली आणि तेवढ्या वेळात मी अल्बम मोडीत काढला.

पुढे बऱ्याच वर्षांनी मूळ कव्हर हातात आलं, त्यावरची नावं वाचली, आणि मी काय ऐकलं होतं ते तेव्हा कळलं. 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन' हा अल्बम नाव तेच आणि घर अर्धं रिकामं अशा अवस्थेत झालेला आहे. तो ऐकताना कोण वाजवतंय याच्याइतकंच कोण वाजवत नाहीये हेही कानाला कळावं लागतं. ते कळलं नाही तर त्यातलं चांगलं काय तेही निसटतं. माझी जी वर्षं वाया गेली ती तुमची जाऊ नयेत म्हणून ही वाट पायरीपायरीने लिहिते आहे.

असे अल्बम पुष्कळ आहेत. पीटर गेब्रिएल गेल्यावर 'जेनेसिस'ने १९७६मध्ये काढलेला, ऑझी ऑस्बॉर्न गेल्यावर 'ब्लॅक सॅबथ'ने १९८०मध्ये काढलेला, बॉन स्कॉटच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच 'एसी/डीसी'ने काढलेला. पण तिथे नवा गायक पुढे आला, त्यामुळे बदल पहिल्या ओळीलाच ऐकू येतो. पिंक फ्लॉइडमध्ये आवाज जुनाच राहिला आणि बदल आत झाला. म्हणून शिकायला हा अल्बम अवघड, आणि म्हणूनच तो मी निवडला.

सोबत काय हवं

- बरे हेडफोन किंवा दोन नीट स्पीकर. फोनच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका, त्यातला खालचा सूर तिथे पोचतच नाही.
- सलग एक्कावन्न मिनिटं, आणि पुढच्या खेपांसाठी वेगळा वेळ.
- १९८७च्या मूळ आवृत्तीची श्रेयनामावली. सीडी किंवा एलपी मिळाली तर उत्तम, नाहीतर कव्हरच्या आतल्या पानाचा वाचता येईल असा फोटो.
- 'विश यू वेअर हिअर' (१९७५), 'द फायनल कट' (१९८३), 'डेलिकेट साउंड ऑफ थंडर' (१९८८) आणि 'द डिव्हिजन बेल' (१९९४) हे चार अल्बम ऐकायची सोय.
- वही आणि पेन. मी आजही लिहूनच ऐकते.

१. आधी माणसं ओळखून घ्या

१९६५मध्ये लंडनमध्ये सिड बॅरेट, रॉजर वॉटर्स, रिचर्ड राइट आणि निक मेसन यांचा हा बँड उभा राहिला. बॅरेटची मनःस्थिती ढासळत गेली, तेव्हा गिटारला डेव्हिड गिलमोर आला आणि १९६८मध्ये बॅरेट बाहेर पडला. म्हणजे बदलाचा काळ या बँडने एकदा आधीच पाहिला होता, हे विसरू नका. त्यानंतर दहाएक वर्षं चौघांचा तोल जमला: वॉटर्सचे शब्द आणि कल्पना, गिलमोरची गिटार आणि आवाज, राइटचे कीबोर्ड, मेसनचा सावकाश, रुंद ठेका.

'द वॉल'च्या काळात, १९७९मध्ये, वॉटर्सच्या दबावाखाली राइटला बँड सोडावा लागला. पुढच्या मैफलींत तो पगारी वादक म्हणून बसला. १९८३च्या 'द फायनल कट'मध्ये तो अजिबात नाही. १९८५च्या डिसेंबरात वॉटर्सने रेकॉर्ड कंपन्यांना पत्र लिहून आपण बँड सोडत असल्याचं कळवलं. त्याच्या लेखी बँड तिथेच संपला होता. गिलमोर आणि मेसन यांच्या लेखी नव्हता. १९८६मध्ये प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं. नाटक मंडळी फुटल्यावर दारावरची पाटी कुणाकडे राहणार, असाच तो वाद.

इथे सावध राहा: वाचकांचे लगेच दोन तट पडतात, वॉटर्सवाले आणि गिलमोरवाले. ऐकायच्या आधीच तट निवडलात तर हा अल्बम तुमच्यासाठी बंद झाला. 'द वॉल' ज्याच्या डोक्यातून आला त्या माणसाला आपलं नाव दुसऱ्याने चालवलेलं सोसणार नाही, हे मला समजतं. आणि वीस वर्षं ज्या नावाखाली वाजवलं ते सोडायला दुसरे दोघे तयार नव्हते, हेही समजतं. पुढे २०१३मध्ये वॉटर्सनेच जाहीरपणे सांगितलं की कोर्टात जाणं ही आपली चूक होती.

२. मागचे दोन अल्बम ऐका, याच क्रमाने

पहिला 'विश यू वेअर हिअर'. त्यातल्या 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' या लांबलचक रचनेत राइटच्या कीबोर्डवर लक्ष ठेवा. ती रचना ज्या शेवटच्या भागाने मिटते, तो भाग एकट्या राइटचा आहे. हा आवाज कानात साठवून ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा 'द फायनल कट'. इथे सगळं वॉटर्सचं: शब्द, गाणं, दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या वडिलांचं दुःख. गिलमोरचा मुख्य आवाज अख्ख्या अल्बममध्ये एकाच गाण्यात येतो. हे ऐकल्याशिवाय १९८७चा अल्बम ऐकू नका. गिलमोर कुठून सुटून आला ते कळल्यावरच तो एवढ्या मोकळेपणाने गिटार का वाजवतो ते कळतं.

'द वॉल' तुम्ही ऐकलाच असेल. नसेल तर आत्ता घाईने ऐकू नका, तो स्वतंत्र महिनाभराचा विषय आहे.

३. कुठली आवृत्ती लावताय ते तपासा

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. ॲपवर नाव टाकलं की या अल्बमचे दोन-तीन अवतार समोर येतात आणि माणूस वरचा दाबून मोकळा होतो.

मूळ अल्बम ७ सप्टेंबर १९८७चा. २०११मध्ये त्याचं रीमास्टर निघालं. रीमास्टर म्हणजे तेच मिश्रण (कुठलं वाद्य किती पुढे, किती मागे ते), फक्त आवाज घासूनपुसून काढलेला. पण २०१९मध्ये जे आलं ते रीमिक्स आहे, आणि ती वेगळीच गोष्ट आहे. त्यात मेसनने ड्रम्स नव्याने वाजवले, राइटचं वादन जास्त पुढे आणलं आणि अख्खं मिश्रण पुन्हा केलं. हे आधी एका मोठ्या संचात आणि मग २०२१मध्ये सुटं मिळू लागलं. नावापुढे 'रीमिक्स' असा शब्द दिसला तर थांबा. ते वाईट आहे असं नाही. ते उत्तर आहे, आणि आपल्याला आधी प्रश्न ऐकायचा आहे.

गाण्यांची संख्या बघूनही गडबडू नका. 'यट अनदर मूव्ही' आणि 'राउंड अँड अराउंड' हे कुठे एकच गाणं म्हणून येतं, कुठे दोन. संगीत तेच आहे.

४. पहिल्यांदा सलग, काहीही न वाचता

शफल बंद करा. 'अ न्यू मशीन' हे गाणं दोन तुकड्यांत आहे, एक पावणेदोन मिनिटांचा, दुसरा चाळीस सेकंदांचाही नाही. मधे 'टर्मिनल फ्रॉस्ट' ही नुसती वाद्यांची रचना. शफलवर हे तुकडे सुटे आले तर काहीतरी बिघडलंय असंच वाटेल. जागेवर ऐकले तर ते दोन दारांसारखे आहेत, एक आत जायचं, एक बाहेर यायचं.

एलपीची पहिली बाजू 'ऑन द टर्निंग अवे'पाशी संपते. तिथे तुम्हीही दोन मिनिटं थांबा, पाणी प्या. दुसऱ्या बाजूचा मूड काळवंडलेला आहे, तिथे धाडकन शिरू नये.

वहीत एवढंच लिहा: कुठे बरं वाटलं, कुठे लक्ष उडालं. लक्ष उडेलच. 'द डॉग्ज ऑफ वॉर' मला आजही पूर्ण पटत नाही. त्यात राग आहे, पण तो राग बाहेरून आणल्यासारखा वाटतो. शब्दांची धार हे वॉटर्सचं काम होतं आणि त्याची जागा इथे सगळ्यात उघडी पडते.

५. आता नावं वाचा

माझ्या कॅसेटवर जे नव्हतं ते इथे आहे, म्हणून ही पायरी टाळू नका.

कव्हरच्या आत फोटो आहे फक्त दोघांचा, गिलमोर आणि मेसन. राइट कुठे आहे? खाली, इतर वादकांच्या यादीत, बारीक अक्षरांत. तो कामाच्या मधल्या टप्प्यावर आला, आणि बँडचा सभासद म्हणून नव्हे तर पगारावर. बासवर बहुतेक ठिकाणी टोनी लेव्हिन. ड्रम्सवर मेसनच्या जोडीला जिम केल्टनर आणि कार्माइन अपीस, शिवाय ड्रम मशीन. मेसनचा हात बराच काळ सुटलेला होता, आत्मविश्वास गेला होता, हे त्याने पुढे स्वतः मोकळेपणाने सांगितलं. माझ्या कानाला परका वाटलेला हात खरोखरच परका होता!

मग गीतांची श्रेयं बघा. गिलमोरला शब्द सहज सुचत नाहीत, म्हणून त्याने माणसं शोधली. अँथनी मूर तीन गाण्यांत आहे. 'वन स्लिप' फिल मॅन्झानेराबरोबर, आणि अल्बमचं नाव याच गाण्यातल्या शब्दांतून आलं. 'यट अनदर मूव्ही' पॅट्रिक लिओनार्डबरोबर, 'लर्निंग टू फ्लाय'मध्ये जॉन कॅरिनचा वाटा. निर्मितीला गिलमोरच्या जोडीला बॉब एझ्रिन, ज्याने 'द वॉल'वरही काम केलं होतं.

एवढी माणसं बघून 'हा पिंक फ्लॉइड नव्हेच, हा गिलमोरचा एकट्याचा अल्बम' असं म्हणायचा मोह होतो. वॉटर्सनेही तेव्हा त्याला हुशारीने केलेली नक्कल म्हटलं होतं. मला वाटतं, यादी दुसऱ्या बाजूनेही वाचता येते. चौघांनी मिळून जे होत होतं, ते उभं करायला किती माणसं लागली ते बघा. त्या चौघांचं मोल यापेक्षा स्पष्ट मला कुठेच दिसलेलं नाही.

६. दोन गाण्यांपाशी मुक्काम

दुसऱ्या खेपेला सगळा अल्बम नको. पहिलं आणि शेवटचं एवढंच घ्या.

'साइन्स ऑफ लाइफ' सुरू होतं तेव्हा वल्ह्यांचा आणि पाण्याचा आवाज येतो. ती खरीखुरी होडी आहे. गिलमोरने १९८६मध्ये टेम्स नदीवर हॅम्प्टनजवळ नांगरलेली 'अ‍ॅस्टोरिया' नावाची हाउसबोट घेतली. १९११मध्ये बांधलेली ती बोट त्याने स्टुडिओ केली, आणि अल्बमचं बरंचसं काम तिच्यावर झालं. खिडकीतून नदी दिसते असा स्टुडिओ! हे माहीत झाल्यावर अख्ख्या अल्बममधलं पाणी ऐकू यायला लागतं. पुढचं काम लॉस एंजेलिसला हलवलं, त्याचा एक फायदा एझ्रिनने सांगितला आहे: तिथल्या आणि लंडनच्या वेळांत इतकं अंतर की काम चालू असताना वकिलांचे फोन येऊ शकत नव्हते.

'सॉरो' हे शेवटचं. पावणेनऊ मिनिटं, शब्द आणि चाल दोन्ही एकट्या गिलमोरची, आणि यात शब्द आधी आले, चाल मागून. सुरुवातीच्या गिटारचा तो अजस्र आवाज लॉस एंजेलिसच्या मोठ्या क्रीडागृहात ध्वनिक्षेपकांतून सोडून परत ध्वनिमुद्रित केला आहे. हेडफोन लावा, डोळे मिटा आणि फक्त पहिलं दीड मिनिट ऐका. रिकामी इमारत ऐकू येते. ठेका मशीनचा आहे. माझ्या मते तो इथे शोभतो, कारण सोबतीला कुणी नसल्याची ती भावना माणसाच्या ड्रम्सने भरून निघाली असती.

जाता जाता 'लर्निंग टू फ्लाय'मध्ये मधेच जो बोलण्याचा आवाज येतो तो मेसनचा, विमान उडवण्याआधीच्या तपासण्या म्हणतानाचा. तो आणि गिलमोर दोघेही त्या काळात खरंच विमान चालवायला शिकत होते. मोडलेला बँड घेऊन पुन्हा उड्डाण, असा अर्थ तुम्हीच लावाल.

आणि कव्हर. समुद्रकिनाऱ्यावर दूरवर गेलेल्या लोखंडी खाटांची रांग. ही संगणकाची करामत नाही. स्टॉर्म थॉर्गरसनने डेव्हनमधल्या सॉन्टन सँड्स किनाऱ्यावर सुमारे ७०० खाटा खरोखर मांडल्या. पहिल्या खेपेला पाऊस आला, सगळं आवरावं लागलं, आणि पुन्हा मांडामांड करून फोटो घेतला. जवळजवळ सगळ्या रिकाम्या अशा सातशे खाटा. फोनवरच्या नखाएवढ्या चित्रात हे दिसत नाही, मोठं करून बघा.

७. मग मैफलीतलं रेकॉर्डिंग

अल्बम आल्यावर दोनच दिवसांनी, ९ सप्टेंबर १९८७ला, कॅनडातल्या ओटावात दौरा सुरू झाला. वॉटर्सच्या खटल्याच्या भीतीने आयोजक बिचकत होते, म्हणून पैसा गिलमोर आणि मेसनने स्वतः घातला. मेसनने त्यासाठी आपली फेरारी तारण ठेवली. नाताळच्या तोंडावर तडजोड झाली, तीही त्याच हाउसबोटीवर. पाटी गिलमोर आणि मेसनकडे राहिली, 'द वॉल'चे हक्क वॉटर्सकडे गेले.

'डेलिकेट साउंड ऑफ थंडर' हे १९८८च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर झालेल्या मैफलींचं ध्वनिमुद्रण. त्याची पहिली सीडी लावा, तिच्यावर बहुतेक नवीच गाणी आहेत. मेसन आणि राइट इथे रोज वाजवून सावरलेले आहेत, आणि ते ऐकू येतं. 'सॉरो' इथे ऐकून स्टुडिओतल्याशी ताडून बघा. एक एकट्या माणसाचं, दुसरं भरल्या मंचाचं. मला दोन्ही हवीत.

इथेही एक खड्डा आहे: वॉटर्सच्या मैफलींत ही गाणी शोधू नका. २००७मध्ये तो मुंबईत आला तेव्हा पिंक फ्लॉइडची गाणी ऐकायला गर्दी लोटली, पण या अल्बममध्ये त्याचा सूरही नाही आणि शब्दही नाही. दोन वेगळे दौरे, दोन वेगळे खजिने आहेत.

८. आता रीमिक्स उघडा

आता २०१९ची आवृत्ती लावा. 'लर्निंग टू फ्लाय' आणि 'ऑन द टर्निंग अवे' ही दोन गाणी आलटूनपालटून, एकदा १९८७ची, एकदा २०१९ची, अशी ऐका. मूळ मिश्रणात ऐंशीच्या दशकाची चकाकी आहे, ड्रम्स कडक आणि मोठे. रीमिक्समध्ये सगळं सैल, उबदार होतं. कीबोर्ड मागच्या रांगेतून पुढे येतात आणि 'विश यू वेअर हिअर'मध्ये कानात साठवलेला राइटचा हात ओळखू येतो.

नव्या माणसाला मी रीमिक्स आधी ऐकू देत नाही, हे खरं. १९८७मध्ये जी जागा रिकामी होती ती रिकामी ऐकल्याशिवाय तिच्यात कुणीतरी येऊन बसल्याचा आनंद होणार नाही. राइट २००८च्या सप्टेंबरात गेला. त्याचं वादन पुढे आणण्याचं हे काम त्याच्या मागे झालं, हे लक्षात ठेवून ऐका.

९. शेवटी १९९४ला जा

'द डिव्हिजन बेल'ची श्रेयनामावली १९८७च्या श्रेयनामावलीशेजारी ठेवा. राइटचं नाव शोधा. एकीकडे ते बारीक अक्षरांत, इतर वादकांत. दुसरीकडे गिलमोर आणि मेसनच्या बरोबरीने, आणि गाण्यांच्या श्रेयांतही. मग 'वेअरिंग द इनसाइड आउट' हे गाणं लावा. मुख्य आवाज राइटचा आहे. 'द डार्क साइड ऑफ द मून'नंतर, म्हणजे एकवीस वर्षांनी, तो पिंक फ्लॉइडच्या अल्बममध्ये असा पुढे येऊन गातो. आवाज थोडा थकलेला आहे, दबकत येतो, आणि पहिली ओळ संपेपर्यंत गिलमोरची गिटार त्याच्या मागे थांबून असते.